जेवढं टाइप केलं तेवढंच: जुन्या पीसीवर प्रोग्रॅम लिहायला कोणता एडिटर घ्यावा?

जुना कॉम्प्युटर हाताशी आला, खरा असो वा इम्युलेटरमधला, की पहिले दोन दिवस गेम खेळण्यात जातात. तिसऱ्या दिवशी हात शिवशिवायला लागतात. याच्यावर एखादा छोटा प्रोग्रॅम लिहून बघू या की! आणि तिथे गाडं अडतं. भाषा ठरलेली असते, पुस्तक उघडलेलं असतं, पण लिहायचं कशात? काळ्या पडद्यावर नुसतं 'ए' हे अक्षर, त्याच्यापुढे बाणाच्या टोकासारखं एक चिन्ह आणि लुकलुकणारा कर्सर.

एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा नि दुरुस्त करायचा प्रोग्रॅम, निवडणं आज आवडीनिवडीची गोष्ट आहे. १९७५ ते १९९० च्या दरम्यानच्या यंत्रांवर तो आवडीपेक्षा हिशोबाचा मामला होता. हिशोब मेमरीचा, फ्लॉपीवरच्या जागेचा, आणि चूक सापडल्यापासून ती दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हा चालेपर्यंत जाणाऱ्या वेळाचा. पण या सगळ्याच्या आधी एक अट येते, आणि ती न पाळणारा एडिटर कितीही देखणा असला तरी बाद. तुम्ही जेवढं टाइप केलं तेवढंच त्याने फाईलमध्ये लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही.

ही अट वाटते तेवढी साधी नाही. प्रोग्रॅमची फाईल म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. इंग्रजी कॅपिटल 'ए' म्हणजे ६५, छोटा 'ए' म्हणजे ९७, मोकळी जागा म्हणजे ३२. एंटर दाबलं की सीपी/एम आणि डॉस या त्या काळच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर दोन आकडे पडतात, १३ आणि १०. पहिला छापणारा भाग ओळीच्या सुरुवातीला आणतो, दुसरा कागद एक ओळ पुढे सरकवतो. कागद कुठून आला? टेलिप्रिंटरच्या काळातून. (ॲपल टू आणि कमोडोर नुसत्या १३ वर भागवायचे, युनिक्स नुसत्या १० वर. एका यंत्रावरची फाईल दुसऱ्यावर उघडली की कधी ओळी जिन्यासारख्या उतरत जातात आणि कधी सगळा प्रोग्रॅम एकाच ओळीत कोंबलेला दिसतो, त्याचं कारण हेच.) ॲस्की नावाचं हे कोष्टक ० ते १२७ एवढंच आहे. एका बाइटमध्ये मात्र २५५ पर्यंत आकडे मावतात, म्हणजे वरचा अर्धा माळा रिकामा. आणि रिकामा माळा दिसला की त्यावर कुणीतरी सामान ठेवतंच.

ते ठेवलं वर्डस्टारने. १९७८ साली मायक्रोप्रो कंपनीचा हा वर्ड प्रोसेसर आला, रॉब बार्नबी यांनी लिहिलेला, आणि पुढची काही वर्षं पत्रं नि अहवाल लिहायचे म्हणजे वर्डस्टार असं समीकरणच झालं. पुष्कळांच्या कपाटात विकत घेतलेलं चांगलं सॉफ्टवेअर तेवढंच असायचं, त्यामुळे प्रोग्रॅमही त्यातच लिहायचा मोह व्हायचा. आता वर्डस्टार परिच्छेद जुळवताना शब्द कुठे संपला याची खूण ठेवतो. ही खूण म्हणजे शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या आकड्यात १२८ मिळवणं. पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेतला 'एंड' घ्या. शेवटचं अक्षर छोटा 'डी', आकडा १००. खूण केली की झाला २२८. वर्डस्टारच्या पडद्यावर तुम्हाला 'एंड'च दिसतो, कारण खुणा लपवणं हे त्याचं कामच. पण बाहेर येऊन तीच फाईल 'टाइप' कमांडने आयबीएम पीसीवर बघा. 'ई', 'एन' आणि पुढे चक्क ग्रीक सिग्मा! 'बिगिन'च्या शेवटी एप्सिलॉन. कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेल्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, असले शब्द ठाऊक नाहीत, तो पहिल्या ओळीपासून तक्रार सुरू करतो, आणि तुम्ही वर्डस्टारमध्ये परत जाऊन बघता तर सगळं जिथल्या तिथे.

वर्डस्टार लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. म्हणून सुरुवातीच्या मेनूत फाईल उघडायचे दोन रस्ते ठेवलेले आहेत. 'डी' दाबलं तर डॉक्युमेंट, 'एन' दाबलं तर नॉन-डॉक्युमेंट. 'एन'ने उघडलेल्या फाईलमध्ये खुणा नाहीत, आपोआप ओळ मोडणं नाही, निव्वळ मजकूर. म्हणजे वर्डस्टार प्रोग्रॅमिंगला चालत नाही असं मुळीच नाही. तो चांगलाच चालतो, फक्त एक अक्षर चुकता कामा नये.

वर्ड प्रोसेसर नको असेल तर यंत्राबरोबर फुकट येणारा एडिटर असायचाच. सीपी/एमवर त्याचं नाव ईडी. डॉसवर एडलिन, जो टिम पॅटरसन यांनी १९८० साली ८६-डॉससाठी (मायक्रोसॉफ्टच्या डॉसचा पूर्वज) तात्पुरती सोय म्हणून लिहिला आणि जो मायक्रोसॉफ्टच्या डॉसबरोबर १९९१ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत येत राहिला. हे दोन्ही 'लाइन एडिटर'. इथे नव्या माणसाचा पहिला गोंधळ होतो, कारण फाईल पडद्यावर दिसतच नाही. एडलिन सुरू केला की फक्त एक तारा (*) येतो आणि तो तुमच्या हुकमाची वाट बघत बसतो. ओळी बघायच्या तर 'एल', नवीन घालायच्या तर 'आय', काढायची तर ओळीचा नंबर आणि 'डी'. सेव्ह करून बाहेर पडायला 'ई', काही न ठेवता पळायला 'क्यू'.

समजा पाच ओळींची फाईल आहे आणि तुम्हाला दुसरी व पाचवी ओळ काढायची आहे. '२डी' दिलं, दुसरी गेली. आता '५डी' दिलं, तर काहीच जात नाही, कारण दुसरी गेल्याबरोबर तिसरीची दुसरी झाली, चौथीची तिसरी, पाचवीची चौथी. फाईल मोठी असती तर प्रकरण याहून वाईट, कारण त्या नंबरवर दुसरीच कुणी गरीब ओळ येऊन बसलेली असते आणि ती निमूट उडते. एडलिन विचारत नाही, आणि उडालेली ओळ परत आणायची सोयही नाही. म्हणून एडलिनमध्ये काढाकाढी नेहमी खालून वर करायची. आधी पाचवी, मग दुसरी. हे एकदा हाताला बसलं की एडलिनचा निम्मा त्रास संपतो. उरलेला निम्मा संपत नाही.

पण असा विचित्र एडिटर लिहिलाच का कुणी? कारण सीपी/एम ज्या यंत्रांवर चालायचं त्यातल्या बऱ्याच यंत्रांना स्वतःचा पडदाच नव्हता. तारेने जोडलेलं टर्मिनल, म्हणजे वेगळा पडदा नि कीबोर्ड, असायचं, प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि कर्सर अमुक ठिकाणी ने हे सांगायची प्रत्येकाची भाषा वेगळी. एक ओळ छापणं मात्र सगळ्यांना जमायचं, अगदी कागदावर ठकठक करणाऱ्या टेलिप्रिंटरलाही. दुसरं कारण वेगाचं. ३०० बॉडच्या जोडणीवरून सेकंदाला साधारण ३० अक्षरं येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे १,९२० अक्षरं. पडदा एकदा भरायला ६४ सेकंद! तिथे 'मला तेवढी चौदावी ओळ दाखव' म्हणणारा एडिटर मूर्ख नव्हे, समंजस ठरतो. वर्डस्टारने पूर्ण पडदा वापरायचं ठरवलं तेव्हा त्याला सोबत एक इन्स्टॉल प्रोग्रॅम द्यावा लागला, ज्यात आपलं टर्मिनल कोणतं ते यादीतून निवडायचं. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर हा प्रश्नच मिटला. ८० बाय २५ चा पडदा थेट मेमरीत बसलेला, एका अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा, म्हणजे ४,००० बाइटांत अख्खा पडदा. एडिटरने तिथे आकडा लिहिला की डोळ्यांसमोर अक्षर उमटलं. डॉसवर पूर्ण पडद्याच्या एडिटरांचं पीक आलं ते यामुळे.

घरगुती यंत्रांची गोष्ट निराळी. कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो यांत बेसिक भाषा रॉममध्येच, म्हणजे यंत्रातल्या कायमच्या मेमरीतच, भरलेली, आणि एडिटर म्हणजे बेसिकच. इथे निवडायला फारसं काही नाही, पण प्रत्येकाची तऱ्हा ओळखून घ्यावी. ओळीचा नंबर हाच पत्ता. २० नंबरची ओळ पुन्हा टाइप केली की जुनी २० जाते, नुसतं २० टाइप करून रिटर्न दाबलं की ओळच जाते. नंबर दहादहाने द्यायचे ते मध्ये जागा राहावी म्हणून. कमोडोरवर यादी पडद्यावर आणायची, कर्सर त्या ओळीवर न्यायचा, दुरुस्त करून रिटर्न दाबायचं, झालं. (रिटर्न न दाबता खाली सरकलात तर पडद्यावर बदल दिसतो आणि प्रोग्रॅममध्ये होत नाही. यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.) स्पेक्ट्रमवर 'पी' दाबलं की सरळ 'प्रिंट' हा पूर्ण शब्द येतो. बीबीसी मायक्रोवर दोन कर्सर, एक जुनी ओळ वाचत जाणारा आणि एक नवी लिहीत जाणारा, आणि मधला दुवा म्हणजे 'कॉपी' नावाचं बटण. ऐकायला विचित्र, वापरायला झकास.

एक सावधगिरी. बेसिक आपला प्रोग्रॅम जसाच्या तसा साठवत नाही, भाषेच्या प्रत्येक ठरावीक शब्दाच्या जागी एक छोटा सांकेतिक आकडा ठेवतो. जागा वाचते, पण ती फाईल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडली की कचरा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरच्या बेसिकमध्ये सेव्ह करताना नावापुढे स्वल्पविराम आणि 'ए' दिला की साधा मजकूर साठवला जातो. बाहेरचा एडिटर वापरायचा असेल तर ही सवय लावून घ्या.

आता मेमरी. पूर्ण पडद्याचा एडिटर टाइप करताना अडखळतो का, हे त्याने मजकूर मेमरीत कसा मांडलाय त्यावर ठरतं, आणि इथे थोडं आत डोकावण्यासारखं आहे. समजा ३०,००० बाइटांची फाईल मेमरीत सलग ठेवली आहे आणि तुम्ही अगदी सुरुवातीला एक अक्षर घालताय. त्याला जागा करायला पुढची सगळी ३०,००० अक्षरं एकेक घर सरकवावी लागतात. झेड८० प्रोसेसरची गठ्ठा हलवणारी सर्वांत सोयीची आज्ञा एका बाइटला प्रोसेसरच्या घड्याळाचे २१ ठोके घेते. ४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४० लाख ठोक्यांवर, सेकंदाला सुमारे १,९०,००० बाइट. म्हणजे एका अक्षरामागे ०.१६ सेकंद. एका बोटाने टाइप करणाऱ्याला चालेल, पण सेकंदाला सात-आठ बटणं दाबणाऱ्याची अक्षरं मागे साचत जाणार.

यावरची युक्ती फार सुंदर आहे. रांगेत माणसं खेटून उभी असतील तर मध्ये एकाला घुसवायला मागच्या सगळ्यांना हलावं लागतं. त्यापेक्षा जिथे माणसं घालायची आहेत तिथेच आधी मोठी फट पाडून ठेवायची. फटीत कितीही जण आले तरी बाकी कुणी हलत नाही. मेमरीत कर्सरच्या जागी अशी फट ठेवतात. कर्सर दुसरीकडे नेला की फट त्याच्याबरोबर सरकते, आणि तेव्हा काय ती हलवाहलव होते. लोक एका जागी बरंच टाइप करतात आणि मग दुसरीकडे जातात, या साध्या निरीक्षणावर ही मांडणी उभी आहे. नवा एडिटर पारखताना मी मोठी फाईल उघडून पहिल्याच ओळीत भराभर टाइप करून बघतो. फट नसेल तर लगेच कळतं.

पीसीवर आणखी एक भिंत होती, ६५,५३६ बाइटांची. पीसीच्या प्रोसेसरच्या एका सेगमेंटमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका कप्प्यात, एवढंच मावतं, आणि बरेच एडिटर अख्खी फाईल एकाच सेगमेंटमध्ये ठेवायचे. सरासरी तीस अक्षरांची ओळ धरली तर दोन हजारांच्या आसपास ओळी. त्यापुढे प्रोग्रॅम गेला की तुकडे करून मुख्य फाईलमध्ये जोडायचे. थोडक्यात, एडिटरच्या मर्यादेनुसार प्रोग्रॅमची रचना ठरायची. वर्डस्टार मात्र फाईलचा लागेल तेवढाच भाग मेमरीत आणायचा. फाईल मोठी असली तरी त्याचं अडत नसे, फक्त एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाताना फ्लॉपीची घरघर ऐकत बसावं लागे.

हे सगळं खरं असलं, तरी माझ्या मते निवड ठरते ती फेरीवर. फेरी म्हणजे लिहा, कंपाइल करा, चूक बघा, परत या. वेगळा एडिटर आणि वेगळा कंपायलर असेल तर फ्लॉपीच्या यंत्रावर ही फेरी अशी व्हायची: फाईल सेव्ह करून बाहेर, कंपायलर फ्लॉपीवरून मेमरीत, त्याच्या दोन-तीन पायऱ्या, क्वचित मध्ये फ्लॉपी बदला, मग 'ओळ ४७ मध्ये चूक'. तो ४७ कागदावर लिहून घ्यायचा, एडिटर पुन्हा फ्लॉपीवरून आणायचा, ४७ वर जायचं आणि राहिलेला एक अर्धविराम टाकायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. एका अर्धविरामासाठी काही मिनिटं.

१९८३ च्या अखेरीस बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल काढलं, ४९.९५ डॉलरला. अँडर्स हेल्सबर्ग यांचा कंपायलर आणि त्याला चिकटलेला एडिटर, दोन्ही मिळून ४० के (किलोबाइट) च्या आत, दोन्ही एकाच वेळी मेमरीत. कंपाइल म्हणा, ओळींचा आकडा भरभर वाढताना दिसतो, चूक सापडली की थांबतो, एस्केप दाबा आणि कर्सर नेमका चुकीवर. कागद-पेन्सिल गेली. एडिटर म्हणून बघाल तर टर्बोचा एडिटर साधाच आहे. त्यात बदल मागे घ्यायची सोय म्हणजे कंट्रोल-क्यू-एल, तीही कर्सर त्या ओळीवर आहे तोवरच. पुढे आलेला ब्रीफ हा एडिटर अनेक पायऱ्या मागे जाऊ शकायचा, त्याच्यापुढे हे काहीच नाही. तरीही मोकळ्या मनाने निवडायला सांगितलं तर मी टर्बो घेईन, कारण त्याची फेरी सेकंदांत होते.

त्याचे दोन काटे सांगतो. त्या यंत्रांवर एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या मेमरीत शिरण्यापासून अडवणारं काही नव्हतं. तुमचा प्रोग्रॅम, एडिटर आणि न साठवलेला मजकूर एकाच खोलीत राहतात. पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा आकडा) चुकून भलतीकडे लिहायला लागला की यंत्र गोठतं आणि बटण दाबून बंद करण्यावाचून गत्यंतर नसतं. तेव्हा चालवण्याआधी सेव्ह, न चुकता. आणि दुसरा काटा याच सेव्हचा. टर्बोने बोटांची भाषा वर्डस्टारची घेतली आहे: कंट्रोल दाबून 'एस' डावीकडे, 'डी' उजवीकडे, 'ई' वर, 'एक्स' खाली. कीबोर्डवर ही चार अक्षरं हिऱ्याच्या आकारात बसतात, आणि तेव्हा कंट्रोलचं बटण 'ए'च्या शेजारीच असल्यामुळे हात जागचा हलत नसे. पण वर्डस्टारमध्ये कंट्रोल-के-डी म्हणजे 'सेव्ह करून मेनूत जा'. सुरुवातीच्या टर्बोमध्ये तीच बटणं नुसती मेनूत नेतात, डिस्कवर काही जात नाही. त्यासाठी मेनूतलं 'एस' वेगळं दाबायचं. बोटांना दोन्हींतला फरक कळत नाही. माझ्या बोटांना तर नाहीच.

फ्लॉपीवरच्या जागेबद्दल थोडक्यात. चांगला एडिटर जुनी फाईल लगेच पुसत नाही. तो नवी फाईल तात्पुरत्या नावाने लिहितो, जुनीला 'बॅक' हे शेपूट लावतो आणि मग नवीला खरं नाव देतो. सोय उत्तम, पण एका फाईलला दोन-तीन फायलींची जागा लागते. पहिल्या पीसीच्या १६० के च्या फ्लॉपीवर ६० के ची फाईल अशी तीनदा मावणार नाही. डिस्क भरली तर एडलिन सरळ सांगतो की बदल गेले. त्यामुळे प्रोग्रॅमची फ्लॉपी निम्मी रिकामी ठेवायची.

डॉसची पाचवी आवृत्ती किंवा त्यापुढची असेल तर पर्याय आयताच आहे: एडिट. पूर्ण पडदा, मेनू, माउस, साधा मजकूर, शिकायला पाच मिनिटं. मी एकदा बूट होणाऱ्या फ्लॉपीवर एडिटची छोटीशी फाईल तेवढी घेतली, जागा वाचवल्याच्या समाधानात क्यूबेसिक (डॉसबरोबर येणारं बेसिक) मागे ठेवलं, आणि दुसऱ्या यंत्रावर एडिट उघडेच ना. त्या आवृत्तीतलं एडिट म्हणजे वेष बदललेलं क्यूबेसिकच आहे, ती मोठी फाईल सोबत हवीच. विंडोज ९५ बरोबर आलेलं एडिट मात्र स्वतःच्या पायावर उभं आहे. जुन्या डॉसचा अट्टहास नसेल तर ते घ्या.

कोणताही एडिटर निवडला तरी खरा प्रोग्रॅम लिहिण्याआधी एक चाचणी करा. नवी फाईल उघडा, इंग्रजीत 'बिगिन' हा पाच अक्षरांचा शब्द टाइप करा, एंटर दाबा, सेव्ह करून बाहेर या आणि डॉसवर 'डीआयआर' देऊन फाईलचा आकार बघा. पाच अक्षरं आणि ओळ संपवणारे दोन बाइट, म्हणजे ७ दिसायला हवेत. ८ दिसले तर एडिटरने शेवटी २६ हा आकडा ठेवलाय, फाईल संपल्याची सीपी/एमच्या काळातली खूण, बहुतेक कंपायलर तिला सरावलेले आहेत. १२८ दिसले तरी घाबरू नका. सीपी/एमला फाईलची लांबी १२८ च्या पटीतच मोजता यायची, आणि त्या वळणाचे एडिटर उरलेली जागा २६ ने भरून काढतात. पण आकडा हजाराच्या घरात गेला, तर त्या एडिटरने तुमच्या एका शब्दाभोवती फॉन्ट, समास आणि काय काय बांधलेलं आहे. त्यात पत्रं लिहा.